निरंकुश, अनियंत्रित की एकतंत्री?

शंका: सतराव्या शतकातील युरोपविषयी वाचताना एकाच राज्यपद्धतीला कुठे 'निरंकुश राजसत्ता', कुठे 'अनियंत्रित राजेशाही', तर कुठे 'एकतंत्री राज्य' म्हटलेले आढळते. हे शब्द समानार्थी मानावेत का? डेन्मार्क आणि स्वीडन या दोन वैरी राज्यांविषयी लिहायचे असेल, तर यांपैकी कोणता शब्द घ्यावा?

उत्तर: माझ्या मते हे शब्द समानार्थी नाहीत, आणि आपण घेतलेल्या उदाहरणात तर तो फरक फार स्पष्ट दिसतो.

या राज्यपद्धतीसाठी युरोपात रूढ असलेला 'अब्सोल्यूट' हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ 'सोडवणे, मोकळे करणे' असा आहे. सत्ताधीश कायद्यांच्या बंधनातून मोकळा असतो, हे रोमन कायदेपंडित उल्पियनचे सूत्र त्यामागे आहे. १५७६ मध्ये फ्रान्सचा राज्यविचारवंत जाँ बोदँ याने सार्वभौमत्वाची व्याख्या करताना हाच शब्द वापरला. मात्र ईश्वरी आणि नैसर्गिक कायदा राजालाही बांधतो, असे त्यानेच बजावले. म्हणजे मूळ शब्द राजाचा स्वभाव सांगत नाही, त्याचे कायद्यातले स्थान सांगतो.

'निरंकुश' म्हटले की माहुताच्या अंकुशाला न जुमानणारा हत्ती डोळ्यांसमोर येतो. शब्द ठसठशीत आहे, पण त्यात निवाडा आधीच देऊन टाकलेला असतो. 'अनियंत्रित' आपण गर्दीला म्हणतो, मधुमेहाला म्हणतो. जे आवरायला हवे होते आणि आवरले गेले नाही, त्याला म्हणतो. डेन्मार्कमध्ये घडले ते याच्या उलट होते.

तिथे राजा निवडला जाई, आणि गादीवर बसण्यापूर्वी त्याला सरदारांच्या अटी मान्य करून एक करारपत्र द्यावे लागे. त्या पत्राचे नाव 'हाँडफेस्टनिंग'. त्यातील पहिला शब्द हाताचा, दुसरा पक्के करण्याचा. १६५८ च्या रोस्किल्डच्या तहात स्कोने, हालंड आणि ब्लेकिंगे हे प्रांत स्वीडनने घेतले, त्यानंतर डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन हिला वेढा पडला, आणि युद्ध संपले तेव्हा तिजोरी रिकामी होती. करातून सूट असलेले सरदार ती सूट सोडायला तयार नव्हते. १६६० च्या ऑक्टोबरमध्ये, शहराचे दरवाजे बंद असताना, नगरवासी आणि धर्मगुरू या वर्गांनी तिसऱ्या फ्रेडरिकला वंशपरंपरागत राज्य देऊ केले, सरदारांनाही ते मानावे लागले, आणि त्याचे करारपत्र रद्द करून त्याला परत देण्यात आले. पुढे १६६५ चा 'राजकायदा' आला. त्याने राजाला माणसांनी केलेल्या सर्व कायद्यांच्या वर बसवले, पण राज्याची वाटणी करू नये आणि ठरलेला लूथरपंथ सोडू नये, ही बंधनेही लिहून ठेवली. कलमे घालून मांडलेल्या सत्तेला 'अनियंत्रित' म्हणणे मला पटत नाही.

स्वीडनमध्येही युद्धाचाच दट्ट्या होता. १६७५ ते १६७९ या काळात डेन्मार्कने गमावलेले प्रांत परत मिळवण्याचा प्रयत्न केला. तो फसला, पण स्वीडनचे आरमार आणि खजिना या दोहोंची दुर्बलता उघडी पडली. १६८० च्या वर्गसभेनंतर (वर्गसभा म्हणजे सरदार, धर्मगुरू, नगरवासी अशा समाजवर्गांच्या प्रतिनिधींची सभा) राजा अकराव्या चार्ल्सने सरदारांकडे गेलेल्या राजजमिनी मोठ्या प्रमाणावर खालसा केल्या (इथे 'जप्त' पेक्षा आपला 'खालसा' हाच शब्द नेमका बसतो), आणि १६९३ मध्ये तो पृथ्वीवर कोणालाही उत्तरदायी नाही, असे त्या सभेनेच घोषित केले. शेजाऱ्याच्या धाकाने दोन्ही राज्यांनी आपापला राजा बळकट केला.

या पद्धतीला डॅनिश भाषेत 'एनेवेल्दे' आणि स्वीडिश भाषेत 'एनवेल्दे' म्हणतात: 'एकटा' आणि 'सत्ता' या दोन शब्दांचा जोड. म्हणून या दोन देशांसाठी 'एकतंत्री राजसत्ता' हाच शब्द मी घेईन. 'एकछत्री' मात्र नको, कारण तो राज्याच्या विस्ताराबद्दल बोलतो. व्युत्पत्तीने लॅटिन शब्दाच्या सर्वांत जवळ जाणारा आपला शब्द 'बेबंद' आहे. परंतु 'बेबंदशाही' म्हणताच मराठी माणसाच्या मनात अंदाधुंदी येते, आणि या राजांनी तर दप्तरे, कर आणि कवायती फौज यांची घडी बसवली.

पुन्हा शंका: मग चौदाव्या लुईच्या फ्रान्सलाही 'एकतंत्री' म्हणावे का?

उत्तर: म्हणता येईल, पण जपून. १६१४ नंतर १७८९ पर्यंत तिथे देशाची वर्गसभा भरली नाही हे खरे. तरीही लांगदॉक आणि ब्रिटनी या प्रांतांच्या सभा चालू होत्या, आणि राजाला द्यायच्या रकमेबद्दल त्यांच्याशी बोलणी करावी लागत. पारलमाँ या न्यायसभांनी आधी राजाज्ञा नोंदवावी आणि मगच हरकत घ्यावी, असे लुईने १६७३ मध्ये ठरवले. त्याच्या मृत्यूनंतर लगेच, १७१५ मध्ये, त्यांना आधी हरकत घेण्याचा हक्क परत मिळाला. लुईचे विरोधक काय म्हणत होते हे सांगायचे असेल तिथे 'निरंकुश' अवश्य लिहावे, मात्र तो त्यांचा शब्द आहे हे वाक्यातून कळले पाहिजे.