शत्रूची मुलं आणि पाच पौंड

'जेत्यांनी हरलेल्यांच्या मुलांची कधी पर्वा केली?' असं विचारणाऱ्या तुमच्या प्रश्नावर एक भर. नोव्हेंबर १९१८ला पहिलं महायुद्ध थांबलं, पण जिंकलेल्या दोस्त राष्ट्रांनी शत्रूदेशांचा माल अडवण्यासाठी घातलेली नाकेबंदी लगेच उठली नाही. हरलेल्या ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात पोरं उपाशी मरत होती. एग्लंटाइन जेब या ब्रिटिश बाईंनी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात त्या मुलांची छायाचित्रं छापलेली पत्रकं वाटली. सरकारने खटला भरला, पाच पौंड दंड झाला. गंमत म्हणजे सरकारी वकिलानेच तेवढे पैसे त्यांच्या हाती ठेवले!

मे १९१९मध्ये त्यांनी बहिणीसह 'सेव्ह द चिल्ड्रन' ही मुलांना मदत करणारी संस्था काढली. लंडनच्या अल्बर्ट हॉलमधल्या तिच्या सभेला काहीजण म्हणे फेकायला सडकी फळं घेऊन आले होते. जेत्यांनी पर्वा केली नाही, हे तुमचं म्हणणं सरकारांबद्दल मान्य, पण माणसांबद्दल नाही.