तीन लाखात जुनी गाडी: वॅगनआर, स्विफ्ट डिझेल की आय टेन?

तासगाव_द्राक्ष:
नमस्कार मंडळी. पहिलीच चारचाकी घ्यायचीय, नवीन परवडणार नाही म्हणून जुनी बघतोय. बजेट सगळं धरून तीन लाख, म्हणजे नावावर करायचा खर्च, इन्शुरन्स, टायर, जे काय निघेल ते सगळं त्यातच बसवायचंय. घरात आम्ही दोघं, मुलगी आणि आई-वडील. वडिलांचे गुडघे गेलेत, एसटीत चढता येत नाही, मिरजेला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की दर वेळी कुणाकडं तरी गाडी मागायची, ते आता त्यांनाही नको वाटतंय आणि मलाही. मी कामाला बाईकवरच जातो त्यामुळं रनिंग फार नाही, महिन्याला सहाशे-साडेसहाशे किलोमीटर होईल.

तीन गाड्या बघून ठेवल्यात:
१) वॅगनआर व्हीएक्सआय २०१४, पेट्रोल, सेकंड ओनर, ७८ हजार किमी, एमएच १०, मालक २.७० म्हणतोय
२) स्विफ्ट व्हीडीआय २०१३, डिझेल, थर्ड ओनर, १ लाख ३० हजार, एमएच १२, एजंटकडं आहे, २.९०
३) आय टेन मॅग्ना १.१, २०१२, फर्स्ट ओनर, फक्त ४६ हजार, एमएच ०९, कोल्हापूरच्या एका डॉक्टरांची, २.२०

मन आय टेनवर बसलंय कारण एक हाती गाडी आहे, रनिंग कमी आहे आणि आतून एकदम चकाचक आहे. घरच्यांना स्विफ्ट पाहिजे. जाणकारांनी सांगा, कुठली घेऊ आणि बघताना नक्की काय बघू.

मिरज_गॅरेज:
दादा, दहा-बारा वर्षं झालेल्या गाडीत मॉडेल नंतर बघायचं, आधी ती कुणी कशी वापरली आणि कुठं उभी राहिली ते बघायचं. तुमच्या तीनही गाड्या मुळात चांगल्याच आहेत, पार्ट गावोगावी मिळतात, कुठलाही मेकॅनिक हात घालतो, त्यामुळं ती काळजी सोडा.

आय टेनचं आधी बोलतो कारण तिथंच मला शंका आहे. एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये कोल्हापूर-सांगलीत महापुरात काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको, पार्किंगमध्ये गाड्या सीटपर्यंत बुडाल्या होत्या. त्यातल्या कितीतरी धुऊन, सीट कव्हर बदलून, पॉलिश मारून परत विकल्या गेल्यात. वरून ओळखूच येत नाहीत. म्हणून जाऊन एवढं करा: पुढचे दोन्ही सीटबेल्ट पार शेवटपर्यंत, थांबतील तिथपर्यंत बाहेर ओढा. रोजच्या वापरात बेल्टचा जो भाग पिलरच्या (दारामधल्या खांबाच्या) आतच राहतो तो कुणी धूत नाही, तिथं मातकट रेघ दिसली की समजा गाडी पाण्यात होती. मग सीट मागं सरकवून खालची पट्टी आणि बोल्ट बघा, गंज असेल तर कशानं आला ते विचारा. स्टेपनी काढून तिच्या खालच्या खड्ड्यात बोट फिरवा, गाळ कोपऱ्यात धरून बसतो. डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सवर टॉर्च मारा. आणि काचा बंद करून गाडी थोडा वेळ उन्हात ठेवा, मग दार उघडून वास घ्या. जास्त परफ्यूम मारलेला असेल तरी सावध व्हा. पाण्यातली गाडी लगेच बंद पडत नाही हो, वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवं बुरशीसारखं चढतं आणि वर्षा-दोन वर्षांनी एकेक सेन्सर रुसायला लागतो, आणि मग कुणालाच फॉल्ट सापडत नाही. आजारी माणूस घेऊन जायचंय तुम्हाला, रस्त्यात उभी राहणारी गाडी नको.

दुसरं म्हणजे आय टेनच्या १.१ इंजिनला टायमिंग बेल्ट (इंजिनचे आतले भाग एका लयीत फिरवणारा पट्टा) आहे, चेन नाही. बेल्टला वयाचीपण मर्यादा असते, नुसत्या किलोमीटरची नाही, त्यामुळं ४६ हजारच पळाली म्हणून बदलला नाही असं असेल तर तो खर्च धरा. बेल्ट तुटला तर इंजिनचं काम निघतं. वॅगनआरच्या के-सिरीज इंजिनला आणि स्विफ्ट डिझेलला चेन आहे.

बाकी कुठलीही गाडी असो, सकाळी जा आणि मालकाला आधीच फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. बोनेटवर हात ठेवून बघा, इंजिन गरम लागलं तर परत दुसऱ्या दिवशी जा, लाजू नका. गार इंजिन पहिल्या सेल्फला उचलतं का, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, ते एकदा गरम झाल्यावर कळत नाही. ऑइल टाकायचं झाकण उघडून आतून बघा, दह्यासारखं पांढरट काही चिकटलेलं असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय, तिथंच नमस्कार करून या.

पेपर_क्लिअर:
गाडीचं वर सांगितलंय, मी कागदाचं सांगतो कारण लोक तिथंच घाई करतात. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाका, मालक कितवा, इन्शुरन्स-पीयूसी कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का सगळं दिसतं. बोजा दिसला तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा फॉर्म) हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, मालक कितीही म्हणू दे की कर्ज कधीच फिटलंय. चलान वेगळं तपासा, महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान साइटवर.

एजंटकडच्या स्विफ्टचं खास बघा. थर्ड ओनर म्हणजे आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) तिसऱ्याचं नाव आहे, की नाव दुसऱ्याचंच आहे आणि तिसरा नुसत्या सही केलेल्या फॉर्मवर गाडी फिरवत होता? ज्याचं नाव आरसीवर आहे त्याच्याशी स्वतः फोनवर बोला, शक्य असेल तर भेटा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याचीच सही लागते, आणि आता ऑनलाइन करताना ओटीपीपण त्याच्याच मोबाईलवर जातो, तो माणूस सापडत नसेल तर तुम्ही वर्षभर आरटीओच्या चकरा माराल. मूळ मालक वारलेला असेल तर प्रक्रियाच वेगळी, फॉर्म ३१ लागतो आणि वारसाची कागदपत्रं. टोकन द्यायचं तर बँकेतून द्या, रोख नको, आणि व्यवहार झाल्यावर तीस दिवसांच्या आत नावावर करायला टाका.

अजून एक, आरसी १५ वर्षांची असते. आय टेन २०१२ ची म्हणजे २०२७ ला रिन्यू करावी लागणार, फिटनेस तपासणी, ५००० रुपये फी आणि वर ग्रीन टॅक्स (जुन्या गाडीवरचा जादा कर). २.२० स्वस्त वाटतंय त्यात हे मिळवून बघा.

सुजाता_चिंचवड:
स्विफ्ट डिझेल तुमच्यासाठी नाही हो दादा, साधा हिशोब करा. महिन्याला ६५० किमी, वॅगनआर १६ चं अ‍ॅव्हरेज देते असं धरलं आणि पेट्रोल शंभराच्या जरा वर, तर सव्वाचार हजारांच्या आसपास जातात. स्विफ्ट डिझेल २० देते धरली, डिझेल नव्वदच्या आसपास, तर तीन हजार. म्हणजे महिन्याला बाराशे-साडेबाराशे वाचतात, वर्षाचे पंधरा हजार. सव्वा लाखाच्या वर पळालेल्या डिझेलचं इंजेक्टर नाहीतर टर्बोचं एक काम निघालं की दोन वर्षांची बचत एका दमात गेली. डिझेल रोज पळणाऱ्याला. घरच्यांना स्विफ्ट दिसायला आवडते हे खरं आहे, पण तुमच्या वडिलांच्या गुडघ्याचा विचार करा, स्विफ्टची सीट खाली आहे, आत बसताना वाकून उतरावं लागतं. वॅगनआर उंच आहे, माणूस सरळ मागं टेकून बसतो. माझ्या सासूबाईंचं हेच दुखणं आहे म्हणून इतक्या ठामपणे सांगतेय, घेण्याआधी वडिलांना प्रत्यक्ष बसवून, उतरवून बघा.

एअरबॅगचं विचारा मात्र. ड्रायव्हर एअरबॅग सगळ्या नवीन गाड्यांना सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून, त्याआधीच्या साध्या व्हेरियंटला बऱ्याचदा नसायचीच. असलेली मिळाली तर दहा-वीस हजार जास्त द्या, तिथं कंजूषी नको.

राहुल_विटा:
वॅगनआर घ्या आणि सीएनजी बसवा, पेट्रोलचं टेन्शनच संपलं

मिरज_गॅरेज:
राहुलभाऊ, एवढ्या रनिंगला किटचे पैसे निघायलाच तीन-चार वर्षं जातील आणि डिकी सगळी सिलिंडरनं भरेल, उद्या वडिलांचा वॉकर ठेवायचा झाला तर कुठं ठेवणार? कुणी आधीच किट बसवलेली गाडी दाखवली तर आरसीवर सीएनजीची नोंद आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) बघून घ्या, ती दर तीन वर्षांनी लागते. नोंद नसेल तर क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले हात वर करतात.

तासगाव_द्राक्ष:
सगळ्यांचे मनापासून आभार, रविवारी दोन्ही पेट्रोल गाड्या बघून आलो, मेव्हण्याच्या ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेला होता.

आय टेनचा ड्रायव्हर बाजूचा बेल्ट ओढत ओढत शेवटपर्यंत नेला तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीचा डाग, अगदी सरळ रेघ. सीटखालचे बोल्ट लाल झालेले. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, पार्किंगमध्ये थोडं पाणी आलं होतं, इंजिनला काही झालं नाही. माणूस बोलायला चांगला होता पण मी नको म्हटलं. इतकी स्वच्छ गाडी होती की तुम्ही सांगितलं नसतं तर टोकन देऊनच आलो असतो.

वॅगनआर गार होती, पहिल्या सेल्फला चालू झाली, धूर नाही. सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन हिस्ट्री काढली, शेवटची नोंद ७४ हजारांची आहे म्हणजे ७८ खरं वाटतंय. डावा फेंडर रंगवलेला आहे, पण मेकॅनिक म्हणाला पिलर आणि एप्रनला (बोनेटखालच्या बाजूच्या पत्र्याला) हात लागलेला नाही. स्पीडब्रेकरवरून जाताना पुढून डाव्या बाजूला खट् असा आवाज येतो. क्लच अगदी वर उचलल्यावर गाडी पिकअप घेते. टायरवर ३४१८ आकडा आहे. एअरबॅग नाही. वडिलांना नेलं होतं, ते पुढं आरामात बसले, उतरतानाही कुणाचा हात धरला नाही. आता किती म्हणू?

मिरज_गॅरेज:
३४१८ म्हणजे २०१८ सालच्या ३४ व्या आठवड्यातले टायर, नक्षी कितीही दिसू दे, रबर कडक झालेलं असणार, पावसात ब्रेक मारला की घसरतात. चार टायर पंधरा-सोळा हजार. क्लच संपत आलाय, मजुरी धरून सात-आठ हजार. आवाज बहुतेक पुढच्या सस्पेन्शनचा, म्हणजे लोअर आर्मच्या बुशचा किंवा लिंक रॉडचा, चार-पाच हजारांत बसेल. फेंडरचं काही नाही, गावात एवढं घासतंच. ही सगळी कामं कागदावर लिहून मालकासमोर ठेवा आणि २.४० पासून सुरू करा, २.४५-२.५० ला तुटली तर घ्या. उरलेल्यात कामं, इन्शुरन्स आणि ट्रान्सफर सगळं बसतं. घेतल्या घेतल्या इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल बदला आणि पेट्रोलचे रबरी पाइप बघा. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या पेट्रोलमध्ये मिसळलेलं वीस टक्के इथेनॉल धरून बनवल्यात, ही त्याआधीची आहे, त्यामुळं पाइपला भेगा असतील किंवा बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर बदलूनच टाका, फार महाग नाहीत.

तासगाव_द्राक्ष:
२.४८ ला ठरली!! बँकेतून टोकन दिलं, बोजा नाही, चलान एक होतं ते मालकानं माझ्यासमोर भरलं. शेवटचं विचारतो, इन्शुरन्स मार्चपर्यंत आहे मालकाच्या नावावर, फुल आहे. तोच चालेल ना तोपर्यंत?

पेपर_क्लिअर:
अभिनंदन दादा. थर्ड पार्टीचा (समोरच्याच्या नुकसानीचा) भाग कायद्यानं तुमच्याकडं येतो, पण गाडीच्या नुकसानीचा भाग पॉलिसी नावावर झाल्याशिवाय तुम्हाला मिळत नाही, म्हणून चौदा दिवसांच्या आत कंपनीकडं अर्ज करा. मालकाला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यातली सूट) मिळालेला असेल तर तो त्यांचा, गाडीबरोबर येत नाही, तेवढा फरक तुम्हाला भरावा लागेल. मार्चमध्ये फक्त थर्ड पार्टी घेऊन पैसे वाचवू नका. या इंजिनचा थर्ड पार्टीचा २०२२ ला ठरलेला दर २०९४ अधिक जीएसटी आहे म्हणून लोक तेवढ्यावरच थांबतात, पण तुमच्या भागात पुराचं पाणी येतं, फुल इन्शुरन्सच घ्या. आणि जुन्या मालकाचा फास्टॅग काचेवरून काढून त्यांना बंद करायला सांगा, तुमचा नवीन लावा.