मदत हवी आहे: भावाला सापांचा शास्त्रज्ञ आणि टीव्हीवरचा निवेदक व्हायचंय, अॅडमिशनला चारच दिवस उरलेत

मुग्धा_कराड
भाऊ बारावी झाला. ब्रॅडी बार यांचे मगरींचे कार्यक्रम बघत मोठा झालाय, त्यालाही तेच करायचंय. मास कम्युनिकेशन घ्यावं की झूलॉजी? शुक्रवार शेवटची तारीख. बाबा बी.कॉम.चा फॉर्म आणून बसलेत. प्लीज लवकर सांगा.

रानवाटा
मार्क किती? ‘नीट’ (मेडिकलची प्रवेश परीक्षा) दिली का? बाहेरगावी राहायची तयारी आहे का?

सर्पमित्र_सांगली
ताई, डिग्रीच्या मागे लागू नका. नीलिमकुमार खैरे 1980 मध्ये 72 विषारी सापांसोबत 72 तास एका खोलीत राहिले, मग 1986 मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं केलं. रॉम्युलस व्हिटेकर यांनी अमेरिकेतलं कॉलेज अर्धवट सोडलं, मायामीत बिल हास्ट यांच्या हाताखाली साप हाताळायला शिकले आणि मग मद्रासला सर्पोद्यान काढलं. भावाला माझ्याकडे पाठवा, पावसाळ्यात घरात शिरलेला साप पकडायला रोज कॉल असतात.

झूलॉजीच्या_बाई
दादा, पोराला कॉलवर नेऊ नका. साप पकडायला वनखात्याची परवानगी लागते, 1972 चा कायदा आहे.
मुग्धा, बार आधी शाळेत शिकवायचे. नंतर मायामी विद्यापीठात पीएचडी केली, विषय एव्हरग्लेड्स या फ्लोरिडातल्या दलदलीतले अॅलिगेटर (मगरीसारखे प्राणी) काय खातात. हे काम कसं करतात ठाऊक आहे? जिवंत जनावर बांधायचं, नळीने पोटात पाणी सोडायचं, पोट दाबून गिळलेलं बादलीत घ्यायचं आणि मग खवले, हाडं, शिंपले निवडत बसायचं. नॅशनल जिओग्राफिकचे कार्यक्रम त्यानंतरचे. झूलॉजीच घ्या.

देवगडची_काकू
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आमच्या गडग्यात (दगडी कुंपणात) फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप, दिसलं. शेजारी म्हणतात फिनाइल ओता.

सर्पमित्र_सांगली
काकू, फिनाइलने काही होत नाही. दगडांत हात घालू नका, रात्री बॅटरीशिवाय फिरू नका. चावलंच तर आवळून बांधू नका, कापू नका. तडक सरकारी दवाखान्यात, जिथे प्रतिविष असेल तिथे. आणि बाई, मी परवानगी घेऊनच काम करतो.

झूलॉजीच्या_बाई
मुग्धा, शाखा कोणती ते सांगितलंच नाहीत!

मुग्धा_कराड
कॉमर्स. लिहायचं राहिलं.

रानवाटा
अहो, हे आधी सांगायचं ना! मग झूलॉजीला प्रवेश कसा मिळणार?

झूलॉजीच्या_बाई
थांबा. एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) विज्ञानाचे विषय घेऊन बारावी पुन्हा देता येते. पण ती चालेल का, हे ज्या विद्यापीठात जायचं तिथे आधी विचारा. वर्ष जाईल. त्याची तयारी आहे का?

मुग्धा_कराड
आत्ता विचारलं. न बोलता वही आणून दिली. दोन वर्षं ओसरीवरच्या ट्यूबलाइटखालच्या पालींच्या नोंदी आहेत. कोणती पाल किती वाजता आली, काय खाल्लं, कोणाची शेपटी कधी तुटली. आम्हाला वाटायचं अभ्यास करतोय. बाबा वाचत बसलेत, फॉर्म अजून भरलेला नाही.

झूलॉजीच्या_बाई
एका पानाचा फोटो टाका. आणि शेपटी तुटल्याची तारीख लिहिलीय, तर नवी किती दिवसांत आली तेही लिहिलंय का?