प्रति: आधी समाज की आधी कायदा?
"समाज बदलल्याशिवाय कायदे करून उपयोग नाही" आणि "आहेत त्या कायद्यांचीही अंमलबजावणी होत नाही" असं तुम्ही म्हणता. यातलं पहिलं मत मला अर्धंच पटतं. आपल्याच गडचिरोलीतलं देसाईगंज घ्या. 1972 मध्ये तिथल्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी धरलं, पण सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत! रात्री पोलीस ठाण्यात, वर्दीतल्या माणसासमोर त्या पोरीने प्रतिकार करायचा तरी कसा? हा विचार निकालात नव्हता.

1979 साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बायका मोर्चे घेऊन रस्त्यावर आल्या. त्यातून 1983 मध्ये बलात्काराच्या कायद्यात दुरुस्ती झाली. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि 'माझी संमती नव्हती' असं स्त्रीने कोर्टात सांगितलं, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं. पीडितेची ओळख छापणं गुन्हा ठरलं. तेव्हा सगळा समाज काही बदललेला नव्हता. काही माणसं हटून बसली, एवढंच.

अंमलबजावणीबद्दलची तुमची तक्रार मात्र शंभर टक्के खरी. 2013 पासून अशा गुन्ह्याची फिर्याद न नोंदवणाऱ्या पोलिसाला तुरुंगवासाची तरतूद आहे. ठाण्यातून परत पाठवलेल्या किती बायकांना हे कुणी सांगतं?