ब्युरेट कशाला धरायची?

वरती त्या दादांनी, त्यांची लेक बी.फार्म.ला आहे, विचारलंय की औषध कंपनीत सगळं एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) चालतं, मग कॉलेजात पोरांकडून अजून टायट्रेशनच (ब्युरेट या खुणांच्या काचनळीतून थेंब थेंब द्रावण सोडून मोजणं) का करून घेतात? मी नाशिकलाच, सातपूरला एका औषध कंपनीच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) आहे, म्हणून लिहिते.

अ‍ॅस्पिरिनचंच घ्या. गोळ्यांची पूड ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये १० मिनिटं उकळायची, उरलेला अल्कली, म्हणजे तेच हायड्रॉक्साइड, आम्लाने मोजायचा. खर्च झालेल्या दर मिलिलिटरमागे ४५.०४ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन. हा आकडा आम्ही नुसता घोकला होता. एका रेणूला अल्कलीचे दोन लागतात, त्यात द्रावण ०.५ मोलर, म्हणजे १ मोलरच्या अर्ध्या ताकदीचं, म्हणून रेणुभार १८०.१६ ला चारने भागायचं, हे फार उशिरा डोक्यात शिरलं. (ब्लँक, म्हणजे गोळीशिवाय केलेलं तेच टायट्रेशन, तर मी चक्क टाळायचे. व्हायवाला सापडले.)

खरी गंमत पुढे आहे. पावसाळ्यात डबी उघडी राहिली की गोळी ओल धरते, तुटून सॅलिसिलिक आणि अ‍ॅसेटिक आम्ल होतं, व्हिनेगरसारखा वास सुटतो. पण ती दोन्ही आम्लं मिळून तेवढाच अल्कली खातात! म्हणजे वास उडून जाईपर्यंत बिघडलेली गोळीही टायट्रेशनला जवळपास पास. एचपीएलसीत मात्र सॅलिसिलिकचा पीक (आलेखातलं टोक) वेगळा उभा राहतो. ब्युरेट कुठे फसते हे समजलं की ते महागडं मशीन कशासाठी घेतलंय ते आपोआप समजतं.

तुमच्या लेकीच्या कॉलेजात एचपीएलसी नुसतं कुलपात असेल तरी घाबरू नका. बटणं आम्ही आठवड्यात शिकवतो. मुलाखतीत आमचे साहेब विचारतात, ‘एका पीकच्या जागी दोन आले तर काय समजाल?’