अनुभव धागा : भित्तिपत्रक, परिपाठातल्या बातम्या आणि मुलांना बातमी पारखायला शिकवणं

माळावरची_शाळा

पावसाने जोर धरला की पालकांच्या गटात ‘उद्या शाळांना सुट्टी’चं पत्र फिरायला लागतं. ते दिसलं की मला दर वेळी रेनपाडा आठवतं. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली आणि सोलापूरकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांचा जमावाने जीव घेतला. सुट्टीचं पत्र त्यामानाने साधं. पण न वाचता पुढे ढकलायची सवय तीच आहे, आणि ती मोडायला पाचवी-सहावीचं वय योग्य.

वर्गात हे पत्रच घ्यायचं, फोटो मोठा करून, पेन्सिल हातात देऊन. मुलांनी पाच गोष्टींखाली रेघ मारायची : जिल्हा कुठला, जावक क्रमांक (पत्र पाठवताना कार्यालयाने टाकलेला नंबर), तारीख आणि वार, कुठल्या तालुक्यांना आणि कुठल्या इयत्तांना, सही कोणाची. फिरणारं पत्र बहुधा खरंच असतं, फक्त जुनं किंवा शेजारच्या जिल्ह्याचं. वरचा भाग कापलेला असला की वर्ष जातं, पण मजकुरात वार राहून जातो. ‘बुधवार, दि. २४ जुलै’ असेल तर ते २०२४चं, नाहीतर त्याआधी २०१९चं. २०२५ला त्या तारखेला गुरुवार होता, २०२६ला शुक्रवार. कॅलेंडर घेऊन हे मुलं दोन मिनिटांत शोधतात.

तुमच्याकडे काय करता, लिहा. भित्तिपत्रक, परिपाठ, काहीही चालेल.

खडू_आणि_डस्टर

वाराची युक्ती उद्याच वापरते.

त्यात एक भर. शासन निर्णय असेल तर शेवटी १८ आकडी संगणक संकेतांक असतो, पहिले आठ आकडे वर्ष-महिना-दिवस. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ निर्णय उघडतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या सुट्टीच्या आदेशावर मात्र हा संकेतांक नसतो, तिथे जावक क्रमांकच बघायचा. मुलं या दोन्हींत गल्लत करतात आणि ‘संकेतांक नाही म्हणजे खोटं’ म्हणून मोकळी होतात. तो गैरसमज सुरुवातीलाच काढा.

रानजाई

परिपाठाचं सांगते. बातम्या वाचायला उभं राहिलेलं मूल मथळा वाचतं आणि बसतं. कुठल्या पेपरातली, कधीची, कोण म्हणालं, काहीच नाही. त्यासाठी पोस्टकार्डाएवढं कार्ड करायचं, चार ओळींचं : बातमी एका वाक्यात, वर्तमानपत्र आणि तारीख, ही माहिती कोणी दिली, अजून काय कळलेलं नाही. चौथी ओळ सगळ्यात जड जाते. पहिले दोन आठवडे ती कोरी येते. कोरी चालेल, पण रोज विचारायचं.

दुसरं, क्रियापदं. ‘म्हणाले’, ‘दावा केला’, ‘आरोप केला’, ‘कबूल केले’. एकच वाक्य चारही क्रियापदं लावून फळ्यावर लिहा आणि विचारा, बोलणारा माणूस कधी खरा वाटतो, कधी गुन्हेगार वाटतो? मग ‘समजते’, ‘बोलले जाते’, ‘चर्चा आहे’ यांच्याकडे या. कोणाला समजते? कोण बोलतं? मराठीत कर्ता इतका सहज गायब होतो की मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. सहावीच्या मुलांना हा खेळ आवडतो, जुन्या रद्दीतून असे शब्द शोधून लाल गोल करतात.

पारनेरकर

+१. रद्दीवरून आठवलं, जाहिरात आणि बातमी वेगळी काढायला पूर्ण पान द्या, कात्रण नको. कात्रणात चौकट आणि कोपऱ्यातला बारीक ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ शब्द कापला जातो, आणि नेमकं तेच शिकवायचं असतं. शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक-प्रकाशक-संपादकांच्या नावाची ओळ असते, तीही वाचायला लावा. चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा, ते त्या ओळीत आहे. फॉरवर्डला अशी ओळ नसते. मुलांना फरक लगेच पटतो.

शिवारफेरी

भित्तिपत्रकाचा कागद कुठला वापरता सगळे? आमच्याकडे पावसाळ्यात कार्डशीट फुगून गोल होतं.

कागदकाम

@शिवारफेरी एकच मोठं शीट लावू नका. २२ × २८ इंची कार्डशीट फक्त पाया म्हणून, कायमचं. त्यावर ए४ कागद वरच्या दोन कोपऱ्यांना टाचणीने. गोंद नको, ओल धरतो आणि वाळला की सुरकुत्या पडतात. आठवड्याला चार कागद बदलले की अंक नवा. सदरांच्या पाट्या एकदाच रंगवायच्या : गावात, शाळेत, विचारलं म्हणून सांगतो, चूकदुरुस्ती. उंची सर्वात लहान वाचकाच्या डोळ्यांइतकी. बरीच भित्तिपत्रकं मुख्याध्यापकांच्या उंचीला लावलेली असतात, मग मुलं वाचणार कशी!

चूकदुरुस्तीची जागा कधीही काढायची नाही. चूक जेवढ्या अक्षरात छापली तेवढ्याच अक्षरात दुरुस्ती.

रानजाई

‘विचारलं म्हणून सांगतो’ हे सदर चोरतेय हां 🙂

कागदकाम

खुशाल घ्या ताई.

आठवी_ब

बातमी लिहायला शिकवताना पोषण आहारावरून सुरुवात करा. मूल लिहितं, ‘आज खिचडी छान होती.’ हे मत झालं. मग सहा ककार घ्यायचे : कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. पहिली ते पाचवीला दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. पहिली ते पाचवीत हजर ३६ असतील तर ३.६ किलो. मूल हजेरी बघतं, स्वयंपाकाच्या ताईंना विचारतं, आज किती तांदूळ घेतला, आणि लिहितं : ‘बुधवारी ३६ मुलांसाठी ३.६ किलो तांदळाची खिचडी झाली, असं ताईंनी सांगितलं.’ आता ही बातमी झाली, आणि सांगणारं माणूसही आत आलं.

इथे एक गोष्ट हमखास बिघडते. ताईंना वाटतं तपासणी आली. म्हणून मुलांना आधी शिकवा : आपण कोण, कशासाठी विचारतोय, कुठे लागणार आहे, हे सांगूनच पहिला प्रश्न. आणि लावण्याआधी आकडे त्यांना वाचून दाखवायचे. मजकूर बदलून घ्यायला नाही, आकडा बरोबर आहे ना तेवढंच.

खडू_आणि_डस्टर

फार महत्त्वाचं लिहिलंत. प्रश्न विचारणं म्हणजे संशय घेणं नाही, हे मुलांइतकंच मोठ्यांनाही सांगावं लागतं.

निळी_शाई

फोटो तपासण्याबद्दल. गूगल लेन्सला (फोटोवरून शोधणारं साधन) फोटो देण्याआधी वर छापलेली अक्षरं कापून टाका, नाहीतर ते अक्षरंच शोधत बसतं. चेहऱ्यापेक्षा मागची इमारत, दुकानाची पाटी, गाडीची नंबरप्लेट यांचा तुकडा द्या. टिनआय (तसंच दुसरं संकेतस्थळ) वापरत असाल तर ‘सर्वात जुना’ असा क्रम लावा. निकाल आला नाही म्हणजे फोटो खरा, असं अजिबात नाही. आरशातल्यासारखा डावं-उजवं उलटवलेला फोटो पुष्कळदा सापडत नाही. व्हिडिओ असेल तर दृश्य बदलतं तिथले स्थिर, न हललेले तीन-चार स्क्रीनशॉट घेऊन तेच करायचं. व्हॉट्सॲपवरून साध्या फोटोसारखी आलेली प्रतिमा असेल तर तिच्यात वेळ-ठिकाणाची माहिती शोधू नका, पाठवतानाच ती निघून जाते.

व्हॉट्सॲपवर दोन बाणांचं चिन्ह म्हणजे पाच किंवा जास्त हातांतून पुढे आलेला संदेश. पण मजकूर कॉपी करून चिकटवला की चिन्ह जातं. ‘बाण नाहीत, म्हणजे काकांनीच लिहिलंय’ असं मुलं धरून चालतात.

माळावरची_शाळा

@निळी_शाई आणि एआयची चित्रं? सहा बोटं मोजायला सांगतात सगळीकडे.

निळी_शाई

बोटं मोजण्यावर भर देऊ नका, नवी चित्रं पाच बोटांची येतात. पाट्यांवरची देवनागरी अजून बरेचदा फसते, पण तेही किती दिवस टिकेल. चित्रापेक्षा पहिल्यांदा कोणी टाकलं आणि दुसऱ्या कोणी त्या घटनेचं स्वतः वार्तांकन केलंय का, हे विचारायची सवय लावा.

परदेशी_पाटी

केरळात कण्णूर जिल्ह्यात २०१८च्या सुमारास १५० सरकारी शाळांत ‘सत्यमेव जयते’ नावाने बातमी पारखायला शिकवणारे तास घेतले होते, जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांच्या पुढाकाराने. गोवर-रुबेला लशीबद्दलच्या अफवा त्यामागचं एक कारण. आपल्याकडे परिपाठ रोज असतोच, वेगळा तासही लागणार नाही.

जाई_जुई

शाळेच्या बातम्या पालकगटात टाकताना मुलांच्या फोटोंचं काय करता?

आठवी_ब

@जाई_जुई नाव आणि चेहरा एकत्र नको, गणवेशावरचं शाळेचं नाव दिसायला नको, वर्गाबाहेर गेलेल्या अंकात पालकांची लेखी परवानगी हवी. मूल एखाद्या गुन्ह्यात पीडित किंवा साक्षीदार असेल तर काहीच नाही. बाल न्याय कायदा २०१५चं कलम ७४ नाव, पत्ता, शाळा, फोटो सगळ्यालाच मनाई करतं. ‘आपल्याच गावातली बातमी आहे, सगळ्यांना माहीतच आहे’ हे कारण चालत नाही. मुलांच्या संपादक मंडळालाही हे आधीच सांगून ठेवा.

शिवारफेरी

६ जानेवारीला छापील अंक काढायचा आहे, १८३२ला त्या दिवशी ‘दर्पण’ निघालं म्हणून. ए४ची १६ पानं. पानांचा क्रम दर वेळी चुकतो.

कागदकाम

ए३ कागद चार, मधे घडी. एका बाजूवर शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी १७ : १६ आणि १, मागे २ आणि १५, मग १४ आणि ३, असं. आधी चतकोर कागदांची खोटी वही करून तिच्यावर आकडे घाला. चारही बाजूंना दीड सेंमी कोरं ठेवा, झेरॉक्स मशीन कडा खातं. मुलांना काळं जेल पेन द्या, पेन्सिल आणि फिकी निळी शाई उमटत नाही. टाइप करणार असाल तर युनिकोडच, जुन्या फॉन्टचा मजकूर चिकटवला की अक्षरांचा काला होतो.

शिवारफेरी

बेरीज १७! वहीत लिहून घेतलं. आणि मधल्या घडीवर पिना मारायला लांब हाताचं स्टेपलर नसेल तर?

कागदकाम

सुई-दोरा. तीन भोकं, मधल्यातून सुरू करून मधल्यातच गाठ. चौथीची मुलंसुद्धा शिवतात.