बीथोव्हेनचा मधला टप्पा

कुणीतरी लिहिलंय की बहिरेपण आल्यावर जर्मन संगीतकार बीथोव्हेन अंतर्मुख झाला आणि त्याचं संगीतही तसंच झालं. त्याच्या शेवटच्या क्वार्टेट्सबद्दल (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना) हे मला पटतं, पण त्याच्या कारकिर्दीतला मधला टप्पा त्यात निसटतो.

ऑक्टोबर १८०२ मध्ये व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाटला त्याने भावांना उद्देशून पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो: शेजारच्या माणसाला दूरची बासरी ऐकू येते आणि मला काहीच नाही. जीव द्यायच्या बेतात होतो, कलेनेच तेवढं अडवलं. तेव्हा त्याचं वय ३१! ते पत्र त्याने कधी पाठवलंच नाही, मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडलं.

आणि त्याच्या पुढच्याच वर्षी तो 'एरोइका' ही आपली तिसरी सिंफनी लिहायला बसला. हे संगीत अंतर्मुख कुठे आहे? सुरुवातीलाच अख्ख्या ऑर्केस्ट्राचे दोन दणके, मग चेलोंवर (खर्जातली तंतुवाद्यं) साधीशी धून, आणि काही क्षणांतच ती एका परक्या सुरावर घसरते. हेडफोन लावून ती जागा नक्की ऐका. माझ्या पोटात दर वेळी खड्डा पडतो. बऱ्याच वेळाने धून परतते तेव्हा तोच सूर खाली उतरतो आणि हॉर्न या पितळी वाद्यासाठी नवीच वाट उघडतो.